गर्भधारणेआधी नैसर्गिक उपायांनी मुलगा की मुलगी हे ठरवता येतं का?
खरं सांगू का, नाही येत. बाईच्या अंड्यात कायम एक्स क्रोमोसोमच (गुणसूत्र) असतो, शुक्राणूंमध्ये साधारण निम्मे एक्सवाले निम्मे वायवाले, त्यातला एक्सवाला अंड्यात शिरला तर मुलगी, वायवाला शिरला तर मुलगा, त्यावर सगळं (सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे दोनदा वाचा).

नेटवर सगळ्यात जास्त फिरते ती शेटल्स मेथड, १९६० च्या दशकातली. तिचं म्हणणं असं, वायवाले फास्ट पण लवकर मरतात, एक्सवाले स्लो पण टिकाऊ, म्हणून मुलगा हवा तर ओव्हुलेशनच्या (अंडं बाहेर पडण्याच्या) दिवशी आणि मुलगी हवी तर दोन-तीन दिवस आधीच संबंध ठेवायचे. ऐकायला एकदम पटतं, पण पुढे कॉम्प्युटरने शुक्राणूंचा वेग मोजला तर असा काही फरक सापडलाच नाही. १९९५ मध्ये २२१ बायकांचा अभ्यास छापून आला, रोजच्या लघवीच्या सॅम्पलवरून ओव्हुलेशनचा दिवस काढला होता, त्यातही दिवस आणि बाळाचं लिंग यांचा संबंध दिसला नाही. हां, एक कामाचं कळलं, गर्भ राहतो तो ओव्हुलेशनचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस एवढ्यातच, त्यामुळे मुलीसाठी म्हणून नेमके दिवस टाळत बसलात तर प्रेग्नन्सीच लांबेल.

चायनीज कॅलेंडर (आईचं वय आणि गर्भधारणेचा महिना बघून मुलगा की मुलगी सांगणारा तक्ता) म्हणजे छापा-काटा. सोड्याच्या पाण्याने योनी आतून धुणं वगैरे तर अजिबात नको, इन्फेक्शनची भीती. आणि मैत्रिणीचं "जमलं" म्हणता ना, ते काहीही न करता निम्म्या लोकांचं जमतंच की.