ओढ्यावर गळ टाकून मासे धरायला सुरुवात करायची आहे. कोणता रॉड घ्यावा आणि दिवसभरात साधारण किती मासे मिळतात?

रॉडचं आधी सांगून टाकतो. ओढ्यासाठी सहा-सात फुटी हलका रॉड, छोटं स्पिनिंग रीळ, पातळ तंगूस (म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा) आणि बारीक गळ एवढं पुरे. तेवढंही नको असेल तर आठ-दहा फुटी चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची काठी घ्या आणि शेंड्याला तंगूस बांधा. मी आजही तीच वापरतो.

लिहायला बसलो ते मात्र ‘किती मासे मिळतात’ हे वाचून. माझा मामेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, गेली कित्येक वर्षं हाच हिशोब घालतोय आणि त्यात माझ्या नावावर एक मासा उणा आहे.

माझं आजोळ गडहिंग्लज तालुक्यात. गावाखालचा ओढा पुढे हिरण्यकेशी नदीला मिळतो आणि त्याआधी करंजांच्या सावलीत एक डोह आहे. २००९ साली गणपती विसर्जनानंतर दोन दिवसांनी आम्ही दोघं तिथं गेलो. श्रावण आणि सण दोन्ही उरकले होते, मामी म्हणालीच होती, आज काहीतरी घेऊन या. शेणखताच्या ढिगाखालची गांडुळं डब्यात, तरंगायला ज्वारीच्या ताटाचा भेंड, गळाच्या वर टीचभर अंतरावर शिसं. सकाळी सातला बसलो. दहापर्यंत पाच-सहा चिलाप्या आणि सापासारखी लांबट अशी एक हातभर वांब मिळाली. खडकाळ धारेत दादानं दोन मळ्ये, म्हणजे खडकातले छोटे मासेही काढले.

ऊन चढल्यावर डोहाच्या कडेला पाण्यावर बारीक पाऊस पडतोय असं दिसायला लागलं. आभाळ तर कोरडं होतं. नीट पाहिलं तर ताटलीएवढा शेंदरी पुंजका आणि त्यात बोटाच्या पेराहूनही लहान अशी शेकडो पिलं. मरळीची. पिलं पुंजक्यानं वर यायची, पाण्यावर टपटप करायची आणि पुन्हा खाली जायची. त्यांच्या खाली एक काळसर पाठ संथपणे फिरत होती. मरळ अंडी घालून निघून जात नाही, पिलं हिंडती-फिरती होईपर्यंत राखण करते. त्याच रागाचा फायदा घेऊन लोक गळाला बेडूक लावून तो पुंजक्यात आपटतात. राखणदार मरळ तो खायला नाही, हाकलायला येते आणि अडकते. दादा तेव्हा काठावर बेडूकच शोधत होता.

माझा गळ पुंजक्यापासून चार-पाच हात लांब होता, वांबेसाठी टाकलेला. तरी भेंड एकदम गडप झाला आणि काठी वाकली. दादा ओरडला, "वड, वड, मरळ हाय!" काठावर घेतली तर दीड किलो तरी सहज भरली असती. तोवरच्या माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मासा होता. छाती धडधडत होती, हे खोटं कशाला सांगू?

मग मी पाण्याकडे पाहिलं. पुंजका फुटला होता. पिलं चारी दिशांना पांगली होती आणि चिलाप्या त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. सकाळपासून यातली एकही चिलापी त्या कोपऱ्याकडे फिरकली नव्हती. आता पाण्यात नुसती खळखळ. मी पंचा भिजवला, त्यात मरळ धरली, ओठातला गळ काढला आणि तिला सोडून दिलं. दादाला कळायच्या आत.

"सोडलीस? दीड किलूची मरळ सोडलीस?" त्या दिवशी तो माझ्याशी पुढं बोलला नाही. नंतर मात्र बोलतच राहिला. लग्नात, बारशात, जत्रेत. त्याचे तीन मुद्दे आहेत. तुम्ही विचारलंयच, तर त्यांची उत्तरं इथंच देतो.

पहिला मुद्दा, गळ लागलेली मरळ मेलीच असणार, म्हणजे मासा वाया गेला. मरळ हवेत श्वास घेते. बाजारात तासन् तास घमेल्यात जिवंत असते ती काय पाण्याच्या जोरावर? गळ ओठात होता, घशात नव्हता. चौथ्या दिवशी मी एकटा डोहावर गेलो. पुंजका होता, आधीपेक्षा लहान, पण होता, आणि खाली तीच काळी पाठ. दादा म्हणतो, ती दुसरी असंल. असेल. जोडीतला दुसरा मासाही असू शकतो, पिलं दोघंही राखतात. पण मग पहिलीला मारून काय मिळालं असतं? एका रात्रीचं कालवण.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. "चिलापी पण पिलं तोंडात धरून सांभाळती, ती मारताना तुला काय वाटत न्हाई?" खरंय, चिलापी पिलं तोंडात धरते. पण ती इथली नव्हे. १९५२ साली ती बाहेरून भारतात आणली. वर्षातून अनेकदा पिलं काढते आणि दुसऱ्यांची अंडी-पिलं खाते. चिलापी हवी तेवढी धरा, एकही परत सोडू नका. माझ्यासाठी मासा आणि मासा सारखा नाही, आणि ‘किती’ विचारणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही.

म्हणून रॉडच्या आधी माशांची नावं शिका. त्यासाठी ओढ्यावरच्या म्हाताऱ्यांपेक्षा मोठा गुरू नाही. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्यानं शास्त्रीय नावात घातली. आपला मळ्या जगभर ‘गारा मुल्या’ आहे, पुण्याजवळच्या नदीतला महाशीर ‘खुद्री’ आहे आणि चेपलेल्या नाकाचा तो नकटा ‘नुक्ता’ आहे. आज आपल्याच पोरांना सगळे मासे ‘फिश’ आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

दादाचा तिसरा मुद्दा असा, की ओढे गळानं रिकामे झाले नाहीत, साखर कारखान्यांच्या मळीच्या पाण्यानं आणि ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांनी झाले. हे मला मान्य आहे. ब्लीचिंग टाकून किंवा जिलेटिन लावून मासे मारणारा माणूस माझ्या ओट्यावर बसू शकत नाही, मग तो नात्यातला का असेना. पण दुसऱ्यानं घर जाळलं म्हणून आपण पेटती काडी टाकायची नसते. पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यावर चढणारे मासे बुट्ट्या भरभरून आणतात, तेही मला पटत नाही. दादा आणतो.

आकडाच हवा असेल तर चांगल्या दिवशी दहा-बारा लहान मासे, वाईट दिवशी एकही नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात पकडीनं दाबून टाका, म्हणजे सोडायचा मासा फाटत नाही. नवख्याचे दोन-चार निसटतील, निसटू द्या.

आणखी काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. तळ्यांचा आणि धरणांचा मासेमारीचा ठेका दिलेला असतो, तिथं विचारल्याशिवाय बसू नका. वर डोंगरात पाऊस असेल तर ओढ्यात उतरू नका, आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. हिरण्यकेशीला चित्री धरणाचं पाणी सोडलं असेल तर संगमाकडे जाण्याआधी गावात चौकशी करा. आणि आंबोलीला गेलात तर हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडापाशी गळ पिशवीतूनही काढू नका. तिथं २०२० साली नवी प्रजात म्हणून नोंदलेला एक छोटासा मासा राहतो आणि २०२१ पासून ती जागा जैवविविधता वारसा स्थळ आहे.