भरण्याआधी सेल रिकामा का आहे ते बघ

अनेक आशीर्वाद.

तुझी पावसाची एक्सेल फाइल उघडून पाहिली. तालुका, महसूल मंडळ, तारीख, मिलिमीटर, आणि मधेमधे भोकंच भोकं. ‘सगळे रिकामे सेल एका फटक्यात कसे भरू?’ असं विचारलं आहेस. फटका सांगतो, पण त्यातला ‘सगळे’ तेवढा खोडून टाक. डावीकडच्या रकान्यांतली रिकामी जागा वेगळी आणि मिलिमीटरच्या रकान्यातली वेगळी.

डावीकडचं सोपं आहे. फाइल करणाऱ्याने ‘जुन्नर’ एकदाच लिहिलं आणि खाली मंडळं उतरवत गेला. नोंदवहीत अशा जागी ‘ऐजन’ तरी लिहितात, याने तेही केलं नाही. माणसाला वाचताना अर्थ कळतो, फिल्टरला कळत नाही. जुन्नरवर फिल्टर लाव, एकच ओळ उरेल.

आधी मूळ शीटची प्रत काढून बाजूला ठेव आणि तिला हात लावू नकोस. कामाच्या शीटमध्ये अनुक्रमांकाचा रकाना घाल, म्हणजे नंतर क्रम कितीही बदलला तरी परत येता येईल. जोडलेले, म्हणजे मर्ज केलेले सेल असतील तर ते सुटे कर. सुटे केल्यावर मजकूर फक्त पहिल्या सेलात राहतो, बाकीचे रिकामे होतात, आणि आपल्याला तेच हवं आहे. मग तालुक्याचा रकाना पहिल्या नावापासून शेवटच्या ओळीपर्यंत निवड, एफ-५ दाब, ‘स्पेशल’मध्ये जाऊन ‘ब्लँक्स’ घे. फक्त रिकामे सेल निवडलेले राहतील. तेवढ्यात त्यांना पिवळा रंग देऊन टाक, आपण भरलेलं कोणतं ते पुढे ओळखू येतं. आता बरोबरचं चिन्ह (=), वरच्या बाणाची की, आणि कंट्रोल धरून एंटर.

इथे उठून चहाला जाऊ नकोस. त्या सेलांत अजून नाव नाही, ‘वरच्या सेलात असेल ते’ एवढाच फॉर्म्युला आहे. या अवस्थेत तारखेनुसार सॉर्ट केलंस की वरचा सेल बदलतो, आणि जुन्नरची मंडळं आंबेगावात जाऊन बसतात. म्हणून रकाना कॉपी करून तिथेच ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटव. सॉर्ट त्यानंतर. गूगल शीट्समध्ये ‘गो टू स्पेशल’ नाही. तिथे शेजारी जादा रकाना घेऊन ‘डावीकडे रिकामं असेल तर माझ्या वरचं, नसेल तर डावीकडचं’ असा ‘इफ’चा फॉर्म्युला लाव.

कधी कधी ‘ब्लँक्स’ दाबल्यावर सेलच सापडत नाहीत असा निरोप येतो, आणि डोळ्यांना तर रिकामे सेल ढीगभर दिसत असतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलीत हे नेहमीचं. सेलात एखादी स्पेस असते, किंवा शून्य अक्षरांचा मजकूर असतो. गंमत म्हणजे असा शून्य अक्षरी सेल ‘काउंटब्लँक’ हे फंक्शन रिकामा म्हणून मोजतं, ‘इजब्लँक’ हे फंक्शन मात्र तो रिकामा नाही म्हणतं. फिल्टरमध्ये ‘ब्लँक्स’ निवड, दिसतील ते सेल निवडून डिलीटची की दाब (ओळी काढायच्या नाहीत), मग वरची कृती कर. पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्याच साधनातलं ‘फिल डाउन’सुद्धा याच कारणाने अडतं, ते फक्त ‘नल’, म्हणजे खरोखर रिकामे सेल, भरतं.

भरून झालं की एक तपासणी. एखाद्या तालुक्याची पहिलीच ओळ मूळ फाइलीतून गळली असेल, तर वरच्या तालुक्याचं नाव बिनबोभाट खाली वाहत येतं, एक्सेल तक्रार करत नाही. प्रत्येक तालुक्यात किती मंडळं आली ते पिव्होटवर, म्हणजे एक्सेलच्या गटवार मोजणीच्या तक्त्यात, मोज आणि छापील यादीशी ताडून बघ.

आता मिलिमीटर. इथे वरचं खाली ओढायचं नाही हे तुलाही कळतं. पण शून्य टाकायचा मोह होईल, तोच घातक. शून्य म्हणजे कोणीतरी सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहिला आणि त्यात पाणी नव्हतं. रिकामं म्हणजे कोणी पाहिलंच नाही, किंवा पाहिलं पण लिहिलं नाही, किंवा वहीतून फाइलीत उतरवताना सुटलं. अ‍ॅव्हरेज रिकाम्याला वगळतं आणि शून्याला धरतं, म्हणजे तुझ्या एका शून्याने सरासरी खाली येते आणि पावसातला खंड लांबतो.

त्याहून वाईट प्रकार सांगतो. समज, शनिवार रिकामा, रविवार रिकामा, सोमवारी १४२. हाताने मोजण्याच्या काळातल्या नोंदींत अशी जागा दिसली की थांब. तो पाऊस सोमवारचा असेलच असं नाही, तीन दिवसांचं साचलेलं पाणी एकदम मोजलेलं असू शकतं. तू शनिवार-रविवारी शून्य भरलंस की १४२ एकट्या सोमवारच्या नावावर पक्के होतात. आपल्याकडे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईची चर्चा तिथून सुरू होते. तेच १४२ तीन दिवसांत वाटले तर रोजचे सत्तेचाळीसच्या आसपास येतात. दोन शून्यांनी न झालेली अतिवृष्टी कागदावर होते.

‘मग शेजारच्या मंडळांची सरासरी टाकू का?’ हे तू विचारशीलच. सह्याद्रीच्या बाजूला तर अजिबात नको. वाई आणि महाबळेश्वर तीसेक किलोमीटरवर, पण पावसाचं मान कितीतरी पटींनी वेगळं. जलविज्ञानात शेजारच्या केंद्रांवरून अंदाज काढतात, पण प्रत्येक केंद्राच्या वार्षिक सरासरीच्या प्रमाणात. तो अंदाजही वेगळ्या रकान्यात ठेवायचा, मोजलेल्या आकड्यांत मिसळायचा नाही.

तेव्हा जिथे कारण कळत नाही तो सेल रिकामाच राहू दे आणि शेजारी ‘शेरा’ हा रकाना कर. ‘नोंद नाही’, ‘साचलेला पाऊस असावा’ असं त्यात लिही. आकड्यांच्या रकान्यात डॅश किंवा अक्षरं नकोत, बेरजेच्या चिन्हाने जोडताना एरर येते. हवामानाच्या काही फाइलींत नोंद नसल्याची खूण म्हणून -९९९ असतो, तोही अ‍ॅव्हरेजच्या आधी काढ, नाहीतर भर जुलैत उणे पाऊस पडेल. आणि व्हीलुकअपने, म्हणजे शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याने, हा रकाना दुसऱ्या शीटवर ओढलास की रिकाम्या सेलाच्या जागी गुपचूप शून्य येतं. तिथे आधी इफ लावून रिकाम्याला रिकामं ठेव.

साचलेल्या पावसाचा संशय येईल त्या तारखा पिव्होटने वेगळ्या काढ. यादी फार लांब होणार नाही. त्या मंडळांची मूळ वही जिथे असेल तिथे फोन कर, त्या पानांचे फोटो मागव, आणि शेरा भरून फाइल मला परत पाठव. तालुक्यांचे पिवळे सेल तेवढे तसेच राहू देत, मला बघायचे आहेत.