आंब्याचे शेंडे वरून वाळत चाललेत, कोणतं बुरशीनाशक फवारू?

तुम्ही लिहिलंय की दोनदा फवारूनही वाळ थांबत नाही. तिसऱ्यांदाही थांबणार नाही. मेलेल्या काड्या झाडावर तशाच ठेवल्यात ना? मग रोगाचं कोठार तुम्हीच वर टांगून ठेवलंय.

आमच्या सामाईक बागेत हेच झालं होतं. शेंड्याची पानं तपकिरी होऊन कडेने वळली, पण गळायचं नाव नाही, वाळून काडीलाच लटकलेली. चुलत दादांचा हेका एकच: फांदी तोडली की फळ गेलं. "औषध हवं तेवढं मार, पण फांदीला सिकेटर, छाटायची कात्री, लागता कामा नये." फवारलं. पाऊस झाला आणि वाळ आणखी हातभर खाली उतरली. मग मी एक काडी कापली, चाकूने उभी चिरली आणि त्यांच्यासमोर धरली. बाहेरून साल हिरवीगार आणि आत तपकिरी रेघ थेट खाली गेलेली. ते बघून तरी माणसाने गप्प बसावं! "ती आधीपासूनच असेल," म्हणाले. शेवटी ओळी वाटून घेतल्या. त्यांच्या ते फवारणार, माझ्या मी छाटणार.

रेघ संपते तिथून आणखी तीन इंच खाली, निरोगी लाकडात काप घ्यायचा, तोही कोरड्या दिवशी. दर झाडाला पातं स्पिरिटने पुसायचं. कापलेलं सगळं जाळायचं, बांधावर ढीग नको, तिथूनच बुरशी परत येते. कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मग 1 टक्का बोर्डोची फवारणी, म्हणजे तेवढंच मोरचूद आणि चुना, पण पाणी 100 लिटर. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा. तयार द्रावणात लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. एवढी खटपट नको असेल तर फवारणीला कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तयार तांब्याचं बुरशीनाशक घ्या, मात्रा लेबलवर असते.

पुढची पालवी माझ्या ओळींत स्वच्छ आली. दादा म्हणतात, तुझ्या बाजूला ऊन जास्त. अहो, मग तुमच्याकडे ऊन उतरावं म्हणून तरी मधल्या फांद्या विरळ करा! दाट झाडात ओल टिकते आणि बुरशीला तेच हवं असतं.

हो, एक राहिलं. काडीला भोक आणि भुसा दिसला तर ती शेंडा पोखरणारी अळी, तिथे बुरशीनाशक वाया. अख्खं झाड एकदम मलूल झालं असेल तर शेंडे सोडा, बुंधा उकरून मुळं आणि पाण्याचा निचरा बघा. आणि मोहोर फुललेला असताना बोर्डो मारू नका.