कंबरदुखीवर कायरोप्रॅक्टिकचा उपयोग होतो का? सात बैठकांनंतरचे माझे उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे : चार महिन्यांपासून कंबर दुखते आहे, एमआरआयच्या अहवालात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी बाहेर आल्याचे लिहिले आहे, ओळखीच्या कोणीतरी कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके व सांधे दाबून उपचार करणाऱ्याकडे, जाण्यास सुचविले आहे, आणि व्हिडिओंमध्ये ऐकू येणाऱ्या त्या ‘कट्’ आवाजाने सरकलेला मणका खरोखरच जागेवर बसतो का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. शेवटच्या भागाचे उत्तर आधी देते. नाही, बसत नाही, कारण नेहमीच्या कंबरदुखीत तो जागेवरून हललेलाच नसतो. तरीही मी स्वतः कायरोप्रॅक्टरकडे सात वेळा गेले, मला त्याचा उपयोग झाला, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा जाईन. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, ते सांगायचे तर थोडे सविस्तर लिहावे लागेल.

मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास मान खाली घालून बसणे हाच माझा व्यवसाय. कंबर धरली ती मात्र काही अवजड उचलताना नव्हे. टेबलाखाली पडलेले पेनचे टोपण घ्यायला वाकले आणि वर येताना अर्ध्यावरच उसण भरली. पहिले काही दिवस कुशीवर वळण्याआधी मनाची तयारी करावी लागे, शिंक येणार असे वाटले की वॉशबेसिनच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरीत असे, आणि पायमोजे दुसऱ्या कोणीतरी घालून द्यावे लागत. कळ कमरेतून उजव्या नितंबात आणि तिथून मांडीच्या मागच्या बाजूने गुडघ्यापर्यंत जायची, त्याखाली उतरत नसे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. वेदनाशामक गोळ्यांवर दिवस निघत होता, पण सहा आठवडे उलटले तरी खुर्चीवरून उठताना टेबलाचा आधार काही सुटेना.

ज्या पहिल्या कायरोप्रॅक्टरकडे गेले, त्यांच्याविषयी थोडक्यात लिहिते, कारण तुमचीही अशा कोणाशी गाठ पडू शकते. त्यांनी पाच मिनिटांत माझा क्ष-किरण फोटो काढवला, त्यावर लाल पेनने एक उभी रेघ ओढली, पाठीचा कणा या रेघेपासून किती ढळला आहे ते दाखविले, डावा पाय नऊ मिलिमीटरने आखूड असल्याचे सांगितले आणि चाळीस बैठकांचे पैसे आगाऊ भरण्याचा कागद पुढे केला. सवलत फक्त त्याच दिवसापुरती होती. माझ्या पायाला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता. (दोन पायांच्या लांबीत काही मिलिमीटरचा फरक धडधाकट माणसांतही सर्रास आढळतो, हे मला नंतर कळले.) मी विचार करून सांगते म्हणून उठले आणि परत गेले नाही.

दुसऱ्या कायरोप्रॅक्टरनी पहिली चाळीस मिनिटे केवळ विचारपूस आणि तपासणी केली. ताप येतो का, वजन कारण नसताना घटले आहे का, पूर्वी कर्करोग झाला होता का, कुठे पडला होतात का, स्टेरॉइडच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, लघवीवरचा ताबा पूर्वीसारखा आहे का, हे सगळे त्यांनी एकेक करून विचारले. मग उताणे झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिले, गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडीने ठोकून पाहिले, कापसाच्या बोळ्याने दोन्ही पावलांवरची संवेदना ताडून पाहिली, आणि खोलीभर एकदा टाचांवर, एकदा चवड्यांवर चालायला लावले. एवढे झाल्यावर त्यांनी जे सांगितले ते मला आजही जसेच्या तसे आठवते : ‘नस दाबली गेल्याची लक्षणे नाहीत. चार बैठकांत निम्मा फरक पडला नाही, तर मी तुम्हाला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवीन.’

प्रत्यक्ष उपचार इतका थोडा वेळ चालतो की व्हिडिओंमुळे मनात बसलेली त्याची प्रतिमा विसरावी लागते. मला डाव्या कुशीवर झोपवले, वरचा पाय गुडघ्यात वाकवून त्याचे पाऊल खालच्या पायाच्या लवणीत अडकवले, वरचा खांदा हळूच मागे ढकलला, आणि आपल्या हाताचा कोपराजवळचा भाग माझ्या नितंबावर टेकवून ते थांबले. ‘श्वास सोडा,’ म्हणाले. श्वास संपत आला तेव्हा एक छोटासा पण अतिशय झटपट हिसका बसला आणि वाळकी शेंग मोडावी तसा आवाज लागोपाठ दोनदा आला. दुखले नाही, दचकले मात्र. उठून उभी राहिले तेव्हा दुखणे होते तिथेच होते, पण चपला घालायला वाकले तर हात आदल्या दिवसापेक्षा वीतभर खाली गेला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पाठीचे स्नायू खूप व्यायाम केल्यासारखे अंबले होते. असे होणे नेहमीचे आहे आणि ते एक-दोन दिवसांत ओसरते, याची त्यांनी आधीच कल्पना दिली होती.

आता त्या आवाजाविषयी. दोन हाडांच्या सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेले असतात. सांधा झटकन ताणला की आतला दाब एकदम उतरतो, द्रवात पोकळी तयार होते आणि त्या वेळी आवाज होतो. बोटे मोडताना होतो तोच. २०१५ मध्ये संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोट ओढून ही पोकळी तयार होताना चित्रित केली. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटे जावी लागतात, ती याचमुळे. हाड जागेवर बसल्याचा आवाज असता, तर आपण दिवसभर बोटांची हाडे जागेवर बसवतो असे म्हणावे लागले असते. शिवाय २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनुभवी कायरोप्रॅक्टरांच्या हातांखाली आवाज नेमक्या कोणत्या सांध्यातून येतो हे मोजले, तेव्हा कमरेच्या बाबतीत तो सुमारे निम्म्या वेळाच ठरविलेल्या सांध्यातून आला. माझ्या चौथ्या बैठकीत तर आवाजच आला नाही, आणि आराम त्या आठवड्यात सर्वांत जास्त पडला.

मणका ‘जागेवर बसविण्याची’ कल्पना येते ती या पद्धतीच्या जन्मकथेतून. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर हे चुंबकीय उपचार करणारे गृहस्थ होते. १८९५ मध्ये त्यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीतला एक मणका दाबला आणि त्याचे बहिरेपण गेले, असा त्यांचा दावा होता. श्रवणाची नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, ही अडचण त्यांना जाणवली नसावी. पुढे ९५ टक्के रोग मणके ढळल्यामुळे होतात असे त्यांनी लिहिले. आजचे बरेच कायरोप्रॅक्टर हे मानत नाहीत आणि आपले काम पाठ, मान व सांधे यांपुरते ठेवतात. काही जण अजून मानतात, आणि लाल रेघा ओढणारे बहुधा त्यांतलेच असतात. दमा, रक्तदाब किंवा लहान मुलांचे पोटदुखीचे रडणे मणके दाबून बरे करतो असे कोणी म्हणाले, तर तिथून निघावे.

मग उपयोग होतो तो कशाने? हिसक्यामुळे आखडलेले स्नायू काही काळ सैल पडतात आणि मज्जासंस्थेची वेदनेविषयीची संवेदनशीलता तात्पुरती उतरते, असे आज मानले जाते. ‘तात्पुरती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीवरील २६ चाचण्यांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या उपचारामुळे सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात १०० गुणांच्या वेदनापट्टीवर सरासरी १० गुणांच्या आसपास फरक आढळला. जुनाट दुखण्यावरील ४७ चाचण्यांच्या २०१९ मधील आढाव्याने व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच त्याचा गुण येतो असे दाखविले. म्हणजे त्यांच्याहून कमी नाही आणि विशेष जास्तही नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरविणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ पासून हा उपचार केवळ व्यायामाच्या जोडीनेच द्यावा अशी भूमिका घेतली आहे, आणि माझा अनुभव तिला धरून आहे.

कारण त्या दुसऱ्या कायरोप्रॅक्टरनी माझा अर्ध्याहून अधिक वेळ उपचाराच्या टेबलावर नव्हे, तर जमिनीवर खर्च करवला. झाडूचा दांडा माझ्या पाठीला उभा लावून तो डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकलेला ठेवून वाकायला सांगितले. कंबर गोल झाली की दांडा एका जागी सुटायचा, आणि आजवर मी कमरेतून वाकत आले, खुब्यातून कधी वाकलेच नाही, हे त्या लाकडी दांड्याने मला पहिल्यांदा दाखविले. त्याखेरीज दोन हात व दोन गुडघे टेकून एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करण्याचा व्यायाम होता, आणि रोजचे चालणे होते : सुरुवातीला दहा मिनिटे, तिसऱ्या महिन्यात चाळीस. टेबलावरच्या उपचारानंतर दोन-तीन दिवस कमी दुखायचे, आणि त्या दिवसांत मी हे व्यायाम न घाबरता करू शके. घाबरून ताठ राहिल्याने कंबर आणखी आखडते, हे मी स्वतःवर पाहिले आहे.

पाचव्या आठवड्यात मी एक पुस्तक घाईने संपवताना पाच तास जागची हलले नाही आणि सगळे दुखणे परत आले. धावत त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी हिसका देण्याऐवजी त्या पाच तासांचा हिशेब मागितला आणि अर्ध्या तासाने वाजणारा गजर लावायला सांगितला. त्या दिवशी मला राग आला होता. पण आठ आठवड्यांत सात बैठका झाल्यावर ‘आता येऊ नका’ असे त्यांनीच सांगितले, तेव्हा चाळीस बैठकांचा तो कागद आठवून मला हसू आले.

इथे एक कबुली द्यायला हवी. कंबरदुखीचे बरेच प्रकार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप निवळतात, बाहेर आलेली गादीदेखील अनेकदा हळूहळू आकसते, आणि म्हणून माझ्या बरे होण्यात कायरोप्रॅक्टिकचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि नुसत्या काळाचा किती, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरत नाही. तुमच्या अहवालाचेही तसेच आहे. कंबर मुळीच न दुखणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांच्या कण्याच्या स्कॅन-चित्रांचा आढावा २०१५ मध्ये घेतला गेला, तेव्हा गादी फुगलेली असणाऱ्यांचे प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के निघाले. त्यामुळे अहवालातली ती ओळ तुमच्या दुखण्याचे कारण असेल किंवा नसेलही; ते तपासणाऱ्याच्या हातांना कळते, कागदाला नाही.

जायचे ठरवलेत तर त्या व्यक्तीचे रीतसर शिक्षण आणि तुमच्याकडील कायद्याप्रमाणे परवाना पाहा, तपासणीआधी पैसे भरू नका, आणि कंबरेसाठी गेला असाल तर मानेला हिसका देऊ देऊ नका. मानेच्या हिसक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना विरळ आहेत, पण नोंदलेल्या आहेत, आणि दुखत नसलेल्या मानेसाठी तेवढाही धोका घेण्याचे कारण मला दिसत नाही. हाडे ठिसूळ झाली असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, आणि ती असायला हवी होती. कळ गुडघ्याखाली उतरते का? चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी ज्या नसेला सहसा त्रास देते, ती पायाचा अंगठा वर उचलते आणि पावलाच्या वरच्या भागाला संवेदना देते. आज घरातच दहा पावले टाचांवर चालून पाहा, आणि कोणाला तरी दोन्ही अंगठे बोटाने खाली दाबून तुम्ही ते किती जोराने वर धरता हे ताडायला सांगा. एक बाजू स्पष्ट अशक्त असेल, तर कायरोप्रॅक्टरआधी अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा मज्जातंतुविकारतज्ज्ञांना दाखवा. आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. तिथे काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडू शकतो.