पहिला पगार कुठल्या बँकेत?

प्रिय बाळ,

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर विचारलंस, 'अंकल, ख्रिस्ती मूल्यं पाळणारी बँक कुठली?' तिथे उभ्याउभ्या काय सांगणार, म्हणून लिहितोय.

नावावर जाऊ नकोस. आपल्या वसईत तर नावातच 'कॅथॉलिक' असलेली बँक आहे. धर्मगुरू मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी 1918 साली ती सुरू केली तेव्हा प्रश्न साधा होता : वाडीवाल्याला सावकाराची पायरी चढायला लागू नये. मी आजही कुठल्याही बँकेला त्याच मापाने मोजतो. कर्ज कोणाला देता, आणि थकलं की कसे वागता?

व्याज घेणंच पाप, असं कोणीतरी तुला सांगेल. बायबलात मत्तय 25 मधला धनी तर नोकराला सुनावतो, पैसे पेढीवर ठेवले असतेस तर व्याज तरी मिळालं असतं! पण निर्गम 22 सुद्धा वाच. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे. मला ते पांघरूण जास्त छळतं.

मी बँकेत काउंटरला होतो तेव्हा एक फुलवाली यायची. पहाटेच्या लोकलने दादरला मोगरा विकून परतताना हप्ता भरायची. नोटा ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मोजल्यावर बोटांना वास राहायचा. नवरा आजारी पडला, हप्ते थकले. तिच्या गहाण पोतीच्या लिलावाची नोटीस मी काढली, तीही इंग्रजीत. नियमात सगळं चोख बसत होतं. ती नोटीस वाचून घ्यायला बाई माझ्याकडेच आली.

असो. आता तुझं काम. बँकेचा वार्षिक अहवाल माग. त्यात संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं आणि एनपीए, म्हणजे थकीत कर्जं, बघ. 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँक बुडीत निघाली, कारण तिच्या कर्जांचा मोठा हिस्सा एकाच बिल्डर समूहाकडे अडकला होता आणि तो लपवलेला होता. खातेदारांना सुरुवातीला जेमतेम हजार रुपये काढता येत होते. म्हणून भाबडेपणा नको. बँकेतली ठेव व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा उतरवलेली असते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही, मग ती पॅरिशच्या अंगणात का असेना.

सहकारी बँकेत खातं काढलंस तर भागधारकही हो. एक सभासद, एक मत. वार्षिक सभेत जेवणाच्या रांगेत पुढे असणारे पुष्कळ असतात, माइकजवळ कोणी नसतं. तू जा आणि विचार, थकबाकीची नोटीस कुठल्या भाषेत पाठवता?

अहवाल मिळाला की रविवारी घेऊन ये, सोबत वाचू. मिस्सानंतर मात्र, मिस्सा चालू असताना नको.

तुझा,
अंकल