हॅरी पॉटरच्या नावाने चाहत्यांनी मेळा भरवला तर कंपनी अडवू शकते का?

अडवू शकते, आणि अडवलंही आहे. 2018 मध्ये हॅरी पॉटरचे सिनेमे काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने अमेरिकेतल्या गावोगावच्या हॅरी पॉटर मेळ्यांना नोटिसा पाठवल्या. चाहत्यांनी एकत्र जमण्याला हरकत नव्हती. हरकत होती ती परवानगीविना चाललेल्या धंद्याला. मग फिलाडेल्फियाच्या चेस्टनट हिलसारख्या ठिकाणी पात्रांची, जागांची नावं काढून नुसता ‘जादूगारांचा’ उत्सव ठेवावा लागला. झाडूवर बसून फिरायला मात्र कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही!

इथे कॉपीराइटपेक्षा (लेखनावरच्या हक्कापेक्षा) ट्रेडमार्क, म्हणजे धंद्यातल्या नावावरचा हक्क, जास्त आडवा येतो, हे बरेच जण विसरतात. कॉपीराइट कल्पनेवर नसतो. शाळेत जादू शिकवण्याची कल्पना सगळ्यांची. पण ‘हॉगवॉर्ट्स’ हे हॅरीच्या शाळेचं नाव पोस्टरवर छापून तिकीट लावलं की तुम्ही दुसऱ्याच्या नावावर कमावताय.

आपल्याकडचं उदाहरण कोलकात्याचं. 2007 मध्ये सॉल्ट लेकच्या एका दुर्गापूजा मंडळाने हॉगवॉर्ट्सचा मंडप उभारला, तेव्हा प्रकरण थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने उभा मंडप पाडायला लावला नाही, पूजा पार पडू दिली. माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं.

घरच्या वाढदिवसाला बिनधास्त सजावट करा. तिकीट, स्टॉल, प्रायोजक आले की आधी लेखी परवानगी घ्या, नाहीतर नाव बदला.