फाउंडेशन, बीबी क्रीम, पॅनकेक की कॉम्पॅक्ट? एकच घ्यायचं तर काय घेऊ?

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. रंग गव्हाळ-सावळा, त्वचा तेलकट, गालांवर मुरमांचे जुने डाग. रोज डोंबिवलीहून लोकलने ऑफिस. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न, तेही चिपळूणला. दुकानातल्या मुलीने बीबी, सीसी, फाउंडेशन, स्टिक, पॅनकेक, कॉम्पॅक्ट असं सगळं काउंटरवर मांडलं आणि तुम्ही काहीच न घेता घरी आलात. उत्तम केलंत.

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. एकच वस्तू घ्यायची असेल तर मध्यम कव्हरेजचं (डाग बऱ्यापैकी झाकणारं), मॅट म्हणजे न चमकणारं लिक्विड फाउंडेशन घ्या. कारण साधं आहे: फाउंडेशन पातळ करता येतं, बीबी क्रीम दाट करता येत नाही. वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर आणि फाउंडेशनचे दोन थेंब तळहाताच्या मागच्या बाजूला कालवले की झाली तुमची ऑफिसची बीबी क्रीम. लग्नात तेच फाउंडेशन नुसतं लावायचं, आणि डागांवर तेवढा दुसरा हात द्यायचा.

मी सांगलीत १९ वर्षं पार्लर चालवते. सांगलीत राहायचं म्हणजे नाटकापासून सुटका नाही, त्यामुळे हौशी संस्थांच्या नाटकांची रंगभूषाही करते. नवरी असो की नाटकातली खाष्ट आत्या, माझे प्रश्न तेच असतात: उजेड कसला, किती तास टिकायला हवं, आणि घाम किती येणार. कुठल्या कंपनीचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुकानदार सांगत नाहीत अशी एक गोष्ट. या सगळ्या डब्या-बाटल्यांतला रंग मुळात एकच असतो. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळा, लाल, काळा असे तीन आयर्न ऑक्साइड. मिसळणाच्या डब्यातल्या चार वाट्यांतून जशी वेगवेगळी भाजी होते, तशा या चौघांतून सगळ्या छटा होतात. फरक पडतो तो हा रंग कशात कालवलाय त्याने. पाणी आणि सिलिकोन असेल तर लिक्विड फाउंडेशन, मेण आणि तेल असेल तर स्टिक, क्रीम जास्त आणि रंग थोडा असेल तर बीबी, टाल्कम-अभ्रकाबरोबर दाबून बसवला तर कॉम्पॅक्ट. चेहऱ्यावर तो कसा वागणार, हे या कालवणावर ठरतं.

पॅनकेकबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गावोगावच्या पार्लरमध्ये अजून 'पॅनकेक मारून देते' असं अभिमानाने सांगतात. ही वस्तू मॅक्स फॅक्टरने १९३७-३८च्या सुमारास हॉलीवूडसाठी आणली. रंगीत सिनेमा सुरू झाला आणि जुना चिकट ग्रीजपेंट कॅमेऱ्यात चमकायला लागला, आजूबाजूचे रंगही त्यावर उमटायला लागले. म्हणून चपट्या डबीत वडीसारखा बसवलेला, ओल्या स्पंजने लावायचा, वाळल्यावर अजिबात न चमकणारा रंग त्याने काढला. डबी म्हणजे पॅन, वडी म्हणजे केक. रंगमंचावर तो अजूनही चांगलं काम करतो: मोठाले दिवे, प्रेक्षक दहा फुटांच्या पलीकडे, आणि दोन अंकांत खेळ आटोपतो. पण रंगपटात जवळून बघा. हसलं की ओठांच्या कडेला भेगा, कपाळावर घामाचे ओघळ, आणि नाकाजवळ भिंतीच्या रंगासारखे पोपडे. लग्नात दर दहा मिनिटांनी कुणी ना कुणी आत्या-मावशी तुमची हनुवटी धरून 'किती वाळलीस गं' म्हणणार आहे. तेवढ्या अंतरावरून बघायला पॅनकेक नाही.

स्टिकचं तसं नाही. क्रायोलान ही बर्लिनची, १९४५ सालापासूनची कंपनी. तिची 'टीव्ही पेंट स्टिक' आपल्याकडच्या ब्राइडल मेकअपवाल्यांच्या पेटीत हमखास सापडते. रंग ठासून भरलेला, त्यामुळे डाग, वांग, डोळ्यांखालचा काळेपणा सगळं झाकतं. पण ती हाताला कळावी लागते. सारवल्यासारखी ओढलीत तर मुखवटा होतो. ओल्या स्पंजवर थोडीशी घेऊन थोपटत, पातळ पसरली तरच त्वचा त्वचा दिसते. वर पावडरने बसवावीही लागते, नाहीतर तेलकट चेहऱ्यावर मेण मऊ होऊन सरकतं. नवरीला मी लावते. तुम्हाला पहिली वस्तू म्हणून घ्या असं म्हणणार नाही.

बीबी क्रीम सुरुवातीला मेकअप नव्हतीच. १९६०च्या दशकात ख्रिस्टिन श्रामेक या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने पीलिंगनंतर, म्हणजे त्वचेचा वरचा थर काढायच्या उपचारानंतर, लालसर झालेली त्वचा झाकायला आणि निववायला हे मलम बनवलं. पुढे कोरियाने ते उचललं आणि जगभर नेलं. आपल्याकडे स्वस्त ट्यूबमध्ये जे मिळतं ते बहुतेक वेळा रंग दिलेलं क्रीम असतं, एक-दोन छटांत, आणि त्या छटा गोऱ्या बाजूला झुकलेल्या. तुमच्या रंगाची मिळाली तर ऑफिसला छान. नाही मिळाली तर नुसती पांढुरकी साय. सीसी क्रीम ही बीबीचीच चुलत बहीण, तिच्यावर वेळ घालवत नाही.

आणि कॉम्पॅक्ट हा बेस, म्हणजे खालचा मुख्य थर, नव्हे. ती शेवटची झाक आहे.

आता खरी गोम. प्रकार चुकला तर दिवस कसाबसा निभतो, छटा चुकली तर नाही. माझं लग्न २००४चं. एका पार्लरवालीने मला 'दोन शेड उजळ' करून दिलं, मला न विचारता. अल्बममध्ये चेहरा एका मुलीचा, मान दुसरीची आणि हात तिसरीचे आहेत. सासूबाई पाहुण्यांना अल्बम दाखवताना पहिली चार पानं अजूनही भरभर उलटतात. त्या बाईंचाही एकटीचा दोष नव्हता म्हणा. तेव्हा गावच्या दुकानात तीन-चार छटा मिळायच्या आणि सावळ्या मुलीने त्यातल्याच एकीत मावायचं असा रिवाज होता. २०१७ साली रिहानाच्या फेंटी ब्यूटीने पहिल्याच दिवशी ४० छटा बाजारात ठेवल्या आणि मग सगळ्याच कंपन्यांना जाग आली. आता आपल्याकडेही पुष्कळ छटा मिळतात. तरी काउंटरवरची मुलगी अजून एक छटा उजळच पुढे करते. तिला नम्रपणे 'नको' म्हणायचं.

सावळ्या रंगावर उजळ बेस लावला की माणूस गोरा दिसत नाही, राखाडी दिसतो. उजळ छटेत पांढरा रंग जास्त असतो आणि तो खालच्या सावळ्या त्वचेवर राखेसारखा बसतो. म्हणून पारख अशी करा. तोंड धुऊन, काही न लावता दुकानात जा. मनगटावर लावून बघू नका, मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग कुणाचाच एक नसतो. जबड्याच्या कडेपासून मानेवर उतरतील अशा शेजारी शेजारी तीन छटांच्या रेघा ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात या. ट्यूबलाइट खोटं बोलते. लगेच ठरवू नका, पंधरा मिनिटं चहा प्या. पाणी उडून गेलं आणि चेहऱ्याचं तेल मिसळलं की रंग थोडा गडद होतो. 'बेस काळा पडला' म्हणतात तो हाच, आणि तेलकट त्वचेवर जास्त होतो. चहानंतर जी रेघ शोधावी लागेल ती तुमची. दोहोंत अडलात तर मानेला जुळणारी घ्या. नसा हिरव्या दिसतात की निळ्या, यावरून अंडरटोन (त्वचेची आतली पिवळसर किंवा गुलाबी झाक) ओळखायची युक्ती इंटरनेटवर फार फिरते. आपल्या रंगावर निम्म्याजणींना नसा धड दिसत नाहीत, त्यामुळे मी त्यात पडत नाही.

घरातलं मॉइश्चरायझर किंवा प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावतात तो थर) आणि नवं फाउंडेशन यांचं जमतंय का, हेही बघा. घटकांच्या यादीत डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन अशी नावं वरच असतील तर ते सिलिकोनचं. सिलिकोनच्या वर पाण्याचं किंवा उलट लावलं की कधी कधी खोडरबराच्या मळासारख्या वळ्या निघतात. हातावर दोन्ही कालवून दोन मिनिटं ठेवा. फाटलं तर चेहऱ्यावरही फाटणार.

आता लग्न. तुम्ही करवली. म्हणजे बोहल्यावर नवरीच्या मागे उभ्या, अंतरपाट धरल्यापासून ते होम संपेपर्यंत प्रत्येक फोटोत. करवलीच्या मेकअपकडे घरात कुणाचं लक्ष नसतं, फोटोग्राफरचं मात्र असतं. दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, आदल्या दिवशीची हळद. नवरीची उष्टी हळद तुमच्याही गालांना फासणार, आणि सकाळी चेहरा पिवळा राहणार. मग महिन्यापूर्वी जुळवलेली छटा एकदम परकी वाटते. हळदीचा रंग तेलात सुटतो, पाण्यात नाही. त्यामुळे साबणाने खसाखसा घासू नका. रात्री खोबरेल चोळून ओल्या मऊ फडक्याने टिपून काढा, मग फेसवॉश. तेलकट त्वचेवर रात्रभर खोबरेल ठेवू नका, मुरमं येतील. वर्षानुवर्षं न आलेली फोड लग्नाच्या सकाळीच उगवते, हा माझा अनुभव.

दुसरी, फ्लॅश. भाचीच्या साखरपुड्याला माझ्याच हातून झालं. 'एचडी' म्हणून मिळणारी पांढरी लूज पावडर मी डोळ्यांखाली सढळ हाताने लावली. आरशात मुलगी सुंदर दिसत होती. रात्रीच्या फोटोंत डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, जणू पिठाच्या डब्यात डोकावून आलीय. अशा पावडरींत बहुधा सिलिका असतं, आणि जाड थर झाला की फ्लॅशचा उजेड तसाच परत फेकतं. जास्त एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) असलेल्या फाउंडेशनमधला टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइडही हेच करतो. म्हणून पावडर नखाएवढी, आणि लावून झाल्यावर अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढून बघा.

चिपळूणचा मे म्हणजे घाम वाळतच नाही. थर जितका जाड तितका तो लवकर फुटतो. फाउंडेशन ओल्या स्पंजने पातळ, कपाळावर आणि नाकावर सगळ्यात कमी. तिथेच आधी वितळतं. गालांवरच्या डागांवर दुसरा हात, बोटाच्या टोकाने टिपत. मग तेवढ्याच जागी दाबून पावडर. कान विसरू नका. आंबाडा आणि गजरा म्हटला की कान उघडे, आणि गव्हाळ चेहऱ्याशेजारी ते वेगळेच दिसतात. होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी येईल तेव्हा पदराने पुसू नका, टिश्यू नुसता टेकवा. ओल्या चेहऱ्यावर कॉम्पॅक्ट फिरवणं ही सगळ्यांत मोठी चूक. घामात पावडर म्हणजे पिठलंच. आधी टिपा, मग एकदाच पफ दाबा.

ऑफिसचं सोपं आहे. सकाळी सनस्क्रीन, दहा मिनिटं थांबून वर पातळ केलेलं फाउंडेशन, फक्त जिथे डाग आहेत तिथे. फाउंडेशन सनस्क्रीनमध्ये मिसळू नका, सनस्क्रीनचा थर तुटतो. बाटलीवरच्या एसपीएफवरही भरवसा नको. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, तेवढं फाउंडेशन कुणी लावलं तर ते लिंपण होईल. हे डाग मुरमांचे नसून वांग असेल तर मात्र माझं उत्तर बदलतं. मग ऑफिससाठी रंग असलेलं सनस्क्रीन घ्या. त्यातले आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतात, साधं सनस्क्रीन तो अडवत नाही, आणि वांग त्या प्रकाशानेही गडद होतं. त्याआधी एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. माझं पार्लर त्याला औषध देत नाही, कुठलंच पार्लर देत नाही.

३० मिलीची बाटली अशा वापराने पुष्कळ महिने जाईल. मागे उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२एम असं काहीतरी असेल, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. झाकणावर तारीख लिहून ठेवा.

आणि लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी पूर्ण लग्नाचा मेकअप करून ८ची लोकल पकडा. दादरला उतरल्यावर जे चेहऱ्यावर शिल्लक असेल तेच चिपळूणला राहील. नाटकवाले याला रंगीत तालीम म्हणतात.